रफ वह्या

लोणावळा
१२ मार्च २०२५

लैला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या हुमेराचं वराळे इथून पाऊण तासावर आहे आणि पोस्ट चार दिवस घेईल. घेऊ दे. घाई कुणाला आहे?

कामाचं आधी. बेंगळुरूच्या संस्थेचं पत्र आलं. आपल्या ओढा राखण गटाला अनुदान मिळणार नाही. 'पर्यावरण-न्यायासाठी झटणाऱ्या स्थानिक गटांना साहाय्य' असं त्या योजनेचं भारदस्त नाव. फॉर्म भरताना तू म्हणाली होतीस, "ताई, एवढं प्रश्न तर हुमेराच्या सासरच्यांनीबी इचारलं न्हवतं." त्या फॉर्मवर न्याय हा शब्द अकरा वेळा होता. या पत्रात एकदाही नाही. मराठीत सांगायचं तर एवढंच : तुम्ही पाठवलेल्या नोंदींच्या मूळ वह्या पाहणीच्या वेळी दाखवता आल्या नाहीत, सबब अर्ज बंद. खाली पायलची सही. तीच मुलगी, जी फेब्रुवारीत पाहणीला आली होती आणि जिने तुझ्याकडचा चहा घेतला, पण पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायली.

तेव्हा पाण्याची प्रयोगशाळेतली तपासणी नाही, सतरा घरांसाठी गाळणीची टाकी नाही, वकील नाही. वरच्या रिसॉर्टने आपलं मैलापाणी खुशाल कुसगावच्या ओढ्यात सोडावं आणि खालच्या वाडीने ते उपसावं. पूर्वी चालत होतं तसं चालेल.

मी संतापले असेन असं तुला वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. पत्र वाचलं, घडी घातली, फ्रिजवर ठेवलं आणि डाळ लावली. शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही. डाळ करपली, तीच खाल्ली.

वह्या गहाळ झाल्या हे दुर्दैव. पण तू दुकानाला कुलूप घालून, कुणाला न सांगता लेकीकडे निघून गेलीस, हे बरं केलं नाहीस. लोकांना बोलायला जागा मिळाली. ज्याचं काही चुकलेलं नाही त्याने जागेवर उभं राहावं.

तुझी लोणच्याची बरणी माझ्याकडे आहे. धुऊन ठेवली आहे.

हे पत्र तिसऱ्यांदा उतरवलं आहे. पहिल्या दोन प्रतींत खाडाखोड झाली होती.

रतन ओव्हाळ


लोणावळा
३० मार्च २०२५

लैला,

उत्तर नाही. ठीक आहे.

उद्या ईद. दरवर्षी अयान शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो आणि दारातच म्हणतो, "मावशी, अम्मीनं सांगितलंय, साखर कमी हाय, कुरकुर करू नका." मी कुरकुर करते. उद्या दूध नेहमीइतकंच घेईन.

पाहणीच्या दिवशी काय झालं, त्याबद्दल वाडीत हरतऱ्हेच्या कहाण्या फिरताहेत. तुझ्या कानावर वेडंवाकडं जाऊ नये म्हणून मी नीट क्रमाने लिहिते.

पायल आधी माझ्या घरी आली. मी तिच्यापुढे माझी नोंदवही ठेवली. जाड बांधणीची, निळ्या शाईत, मे २०२३ ते ऑक्टोबर २०२४, रोज एक ओळ. तिने पानं उलटली. मला म्हणाली, "मॅडम, हे सगळं एकाच हस्ताक्षरात आहे."

मी म्हणाले, "हो."

"एकाच पेनाने?"

"पेन चांगलं असलं की पुरतं."

"म्हणजे सतरा बायका, दीड वर्ष, आणि एकही खाडाखोड नाही?"

मी म्हणाले, "माझ्या हातून खाडाखोड होत नाही."

लैला, मला वाटलं ती कौतुक करते आहे. माझं अक्षर बघून लोक कौतुकच करतात. साठ वर्षं करत आले आहेत.

मग तिने विचारलं, मूळ नोंदी कुठे आहेत. मी म्हणाले, वह्या लैलाबाईंच्या दुकानात असतात. यात खोटं काय होतं? दीड वर्ष त्या तुझ्या दुकानात, बांगड्यांच्या खोक्यांशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. ज्या घरची पाळी असेल ती बाई सकाळी ओढ्यावर जाऊन यायची आणि तुझ्याकडे नोंद करायची. सगळी वाडी याची साक्षीदार आहे.

म्हणून आम्ही कुसगावला तुझ्या दुकानात आलो. बायका जमल्याच होत्या. भामाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. पायलने विचारलं आणि तू खिळ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "ताईंनी दिवाळीत नेल्या की वो. मीच पिशवीत घालून दिल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. पायल म्हणाली, "मॅडम?" मी म्हणाले, "बघावं लागेल."

तेवढ्यात ती सारिका, जिची जीभ तिच्या अकलेच्या पुढे धावते, ती म्हणाली, "लैलामावशीचा अयान त्या रिसॉर्टची गाडी चालवतो ना?"

तू माझ्याकडे बघत होतीस.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. एवढंच झालं. बाकी सगळं लोकांनी जोडलेलं आहे.

रतन ओव्हाळ


लोणावळा
१५ एप्रिल २०२५

लैला,

काल जयंती झाली. मिरवणूक कुसगावात तुझ्या दुकानापाशी येऊन थांबली, कारण दरवर्षी थांबते. गेली तीस वर्षं तिथे तुमच्याकडून सरबत असतं. पूर्वी तुझे मिस्टर पिंप ढवळायचे, मग अयान. पोरं सवयीने थांबली, शटर बंद बघून इकडेतिकडे पाहिलं आणि ढोलवाला म्हणाला, "चला रं, हितं काय न्हाई आता." मिरवणूक पुढे गेली.

शटरवर खडूने लिहिलं आहे : 'हितं पानी इकलं.'

म्हणजे तू वह्या रिसॉर्टवाल्यांना विकल्यास, अयानच्या नोकरीसाठी. हा अर्थ तुला कुणी सांगितला नसेल तर मी सांगते आहे. मी तिथे उभी होते, पांढरं पातळ नेसून. हातात रुमाल होता. पुसलं नाही.

हुमेराचा फोन आला होता, गेल्या गुरुवारी. ती म्हणाली, "मावशी, अम्मी तुमची पत्रं वाचते. वाचते आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवते. बोलत काय नाही." मग म्हणाली, अयानने नोकरी सोडली. लग्नाच्या वऱ्हाडाला स्टेशनवरून आणताना कुसगावच्या फाट्यावर कुणीतरी गाडीपुढे उभं राहून त्याला म्हणालं, "कितीला दिल्या रं वह्या?" गाडीत पाहुणे होते. त्याने गाडी रिसॉर्टवर लावली, किल्ली काउंटरवर ठेवली आणि चालत घरी आला.

मग हुमेराने विचारलं, "मावशी, दिवाळीत वह्या तुम्ही नेल्या होत्या का, तेवढंच सांगा."

मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये." आणि फोन ठेवला.

आवाज येत होता, लैला. मागे कुकरची शिट्टी झाली तीही ऐकू आली.

मला काही वाटत नाही. रडू येत नाही, झोप जात नाही. सकाळी उठते, दूध तापवते, पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करते. मांडी घालून बसून पाय सुन्न होतो तसं आतून झालं आहे. फक्त त्याला मुंग्या येत नाहीत.

रतन


लोणावळा
२२ एप्रिल २०२५

लैला,

वह्या मी टाकल्या.

तुला ते माहीत आहे. तू त्या दिवशी दुकानातच ओळखलंस. पण मी लिहिलेलं नव्हतं, म्हणून लिहिते. आधीच्या तीन पत्रांत मी जे लिहिलं ते बहुतेक खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

दिवाळीत तू सहा वह्या पिशवीत घालून दिल्यास. म्हणालीस, "जपून न्या ताई, काई पानं वली हायेत." मी घरी येऊन टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि त्या उघडल्या. सगळ्या घरात वास झाला.

मी त्या वह्या तोवर कधी नीट पाहिल्या नव्हत्या. मी गटाची सचिव. मी अर्ज लिहीत होते, कलेक्टर कचेरीत साहेबांना गप्प करत होते. ओढ्यावर मी गेले नव्हते. ती पट्ट्यांची पद्धतही तुम्हीच काढलीत. लिहिता न येणाऱ्या बायकांनी काय करायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा भामाबाई म्हणाल्या होत्या, "आमी काय लिवायचं? फडकं बुडवू. फडकं खोटं बोलत न्हाई." जुन्या धोतराची पट्टी ओढ्यात बुडवायची, दोरीवर वाळवायची, आणि तू ती सुईदोऱ्याने पानावर टाचायचीस. खाली तारीख तू घालायचीस. ज्यांना येतं त्या दोन ओळी लिहायच्या, येत नाही त्यांचा अंगठा.

साडेपाचशे पट्ट्या. पिवळ्या, राखाडी, काही काळ्या. बऱ्याच पानांना बुरशी. पिठाच्या हातांचे डाग, हळद, चहा. आणि ते लेखन. 'पानी फेसाळ. म्हस पेली न्हाई.' 'आज जरा बरं.' 'पानी आनलं तर नातवाला उलटी.' एकीने रागाने नुसती रेघ ओढली होती, कागद फाटेपर्यंत.

मी एकोणीस दिवस बसून माझ्या नोंदवहीत त्याचं इंग्रजी केलं. 'फेस आढळला' असं लिहिलं. म्हैस गाळली. म्हशीचं मत बेंगळुरूला कशाला, असं मला वाटलं. रेघ ओढलेल्या दिवशी 'नोंद नाही' असं लिहिलं.

भामाबाई मला कितीदा म्हणाल्या होत्या, "सोमवारची पट्टी बगा बाई, सोमवारची." शनिवार-रविवार रिसॉर्ट पाहुण्यांनी भरतं, आणि ती घाण सोमवारी खाली येते. वही नुसती चाळली असती तरी सात पानांनी एक काळी, सात पानांनी एक काळी, असं कुणालाही दिसलं असतं. पायलला दिसलं असतं. मला शब्द उतरवायचे होते. मी पट्ट्या बघितल्याच नाहीत.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नियम होता. पाठ फेअर वहीत उतरवून झाला की रफ वही सिस्टरसमोर फाडायची. फाडल्याचा आवाज वर्गाला ऐकू गेला पाहिजे. माझे वडील रेल्वेत गँगमन. त्या वर्गात माझ्या चपलांकडे सगळ्या बघत, पण माझ्या फेअर वहीसारखी वही कुणाची नव्हती. पुढे कचेरीत चौतीस वर्षं टायपिस्ट. साहेबांचा मसुदा आला, टाइप झाला, सही झाली की मसुदा फाडायचा. मी आयुष्यभर हेच केलं. मला कुणी विचारलं असतं, वह्या का टाकल्यास, तर मी म्हणाले असते, उतरवून झालं ना? मग?

उतरवून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. गाडीवरच्या बाईने विचारलं, "ओला का सुका?" मी म्हणाले, "सुका." तिने पिशवीचं तोंड उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ओल्यात टाकली.

पायलने विचारलं तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं : मी चुकले. हे वाक्य मला तीन भाषांत येतं. कधी वापरलेलं नाही. सतरा बायका समोर. त्यातल्या निम्म्यांना मी 'वेडेवाकडे लिहू नका गं' म्हणून झापलेलं. मी चष्मा शोधला.

माझ्या आजीला वरच्या आळीच्या विहिरीवर पोहरा टाकू देत नसत. ती ताटकळत उभी राहायची, कुणी ओतेल म्हणून. माणसाला पाण्यापासून कसं हुसकायचं, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी ते तुझ्या बाबतीत एक शब्दही न बोलता केलं.

चार मेला, रविवारी, विहारात बैठक आहे. मी सांगणार आहे. तुला बोलावत नाही. तुझ्यासमोर सांगितलं तर तू मला सांभाळून घेशील. बेचाळीस वर्षं घेतेस.

रतन


लोणावळा
४ मे २०२५, संध्याकाळ

लैला,

सांगितलं.

बायका विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी उभी राहिले. भामाबाई म्हणाल्या, "बसून बोला की." मी उभ्यानेच बोलले. म्हैस गाळली तेही सांगितलं. दोन मिनिटं लागली असतील. भाषण केलं नाही.

मग भामाबाईंनी विचारलं, "म्हंजे आमच्या चिंध्या तुमी कचऱ्यात घातल्या?"

"हो."

"का वं?"

"वास येत होता."

"वास तर आमच्या हंड्यालाबी येतोय बाई. हंडा टाकू का?"

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं आता शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. तुला माहीत आहे मला उत्तरं येतात. पण भामाबाई नुसत्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. शाईचा अंगठा. दीड वर्षात बत्तीस वेळा त्यांनी तो उमटवला होता. मी मागून हिशेब केला, सतरा घरं, पाळी कितीदा आली असेल. म्हणाल्या, "माझ्या हातचं कागदावर तेवढंच व्हतं."

एवढंच म्हणाल्या.

सारिका म्हणाली, "मग लैलामावशी?"

तीच पुन्हा म्हणाली, "शटरवर मी लिवलं."

मी म्हणाले, "माहीत आहे. अक्षर ओळखलं. माझ्याकडेच शिकवणीला येत होतीस."

"मग तुमी पुसलं का न्हाई?"



ती उठली, कुणाच्या तरी दारातली बादली उचलली, फडकं घेतलं आणि तुझ्या दुकानाकडे गेली. आम्ही मागून गेलो. तिने घासून घासून पुसलं. पाणी ओढ्याचंच होतं. खडू गेला, त्या जागी पिवळट पट्टा राहिला. सारिका दोनदा घासून म्हणाली, "ह्यो न्हाई जात."

संस्थेला मी निवेदन लिहिलं आहे. इंग्रजीत, एक पान. वह्या लैला तांबोळी यांनी माझ्या हवाली केल्या, मी नष्ट केल्या, त्यांच्यावर व त्यांच्या मुलावर आलेला आळ खोटा आहे, पाहणीच्या दिवशी मी गप्प राहिले. भामाबाई म्हणाल्या, "वाचा. विंग्रजीत काय लिवता आमाला काय ठावं? मागच्या टायमाला म्हस खाल्ली तुमी." मी मराठीत वाचून दाखवलं. मग सगळ्यांनी खाली सह्या केल्या, अंगठे उमटवले. कागद घाण झाला. तसाच त्याचा फोटो काढून सारिकाने पायलला पाठवला आणि मूळ कागद गटाकडे ठेवून घेतला. माझ्याकडे दिला नाही.

मी म्हणाले, मी सचिवपद सोडते. भामाबाई म्हणाल्या, "सोडून कुटं जाताय? तुमचं विंग्रजी लागंल. वही मातर तुमच्या हाती न्हाई द्यायची."

घरी आले, वरणभात खाल्ला. मीठ होतं की नव्हतं आठवत नाही.

रतन


कुसगाव
१२ मे २०२५, सोमवार

लैला,

पायलचं उत्तर आलं. माझ्या प्रामाणिकपणाची ती कदर करते. फाइल बंद झाली आहे. पुढच्या फेरीचे अर्ज जानेवारीत, तोवर 'समुदायाने स्वतःच्या हाताने ठेवलेल्या मूळ नोंदी छायाचित्रांसह जतन कराव्यात.' पूर्वी मी या वाक्यावर दोन पानी जबाब लिहिला असता. वाक्यात चूक सापडेना. तुझ्याबद्दलचा कागद तिने फाइलला लावला आहे, असंही लिहिलं आहे. अयानला सांग.

बायकांनी पाळी पुन्हा सुरू केली. पट्ट्या भामाबाईंच्या दारातल्या दोरीवर आहेत. सात झाल्या. मी नवी वही नेली होती, दोनशे पानी, चांगल्या कागदाची. भामाबाईंनी ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. म्हणाल्या, "वही लैलाच्या दुकानात ऱ्हाती. ती आल्याबिगर टाचायचं न्हाई." मी म्हणाले, "तारखा विसरतील." त्या म्हणाल्या, "मंग लवकर बोलवा तिला."

सतरा घरांत एक घर तुझं आहे. तुझी पाळी आज होती. कुणी करायची असा विषय निघाला तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी चष्मा शोधला नाही.

आज बुद्धपौर्णिमा. विहारात जायचं म्हणून पांढरं पातळ काढलं होतं. आधी त्याच्या पदराची पट्टी फाडली. फाडल्याचा आवाज झाला. मग पहिल्या रिक्षाने इथे आले आणि भामाबाईंबरोबर ओढ्यावर उतरले. वाट मला माहीत नव्हती. त्या पुढे, मी मागे, दगड निसरडे. त्या म्हणाल्या, "पाय आडवा टाका बाई, विंग्रजीत न्हाई." सोमवार. शनिवार-रविवार वर गाण्यांचा आवाज होता म्हणे. पाण्यावर फेस, आणि त्यात टिश्यूपेपर. म्हैस काठावर उभी होती, ती प्यायली नाही. हे मी लिहून ठेवते आहे.

वाकले, पट्टी बुडवली. मनगटापर्यंत हात गेला. पाणी कोमट होतं. ते कोमट असेल असं मला वाटलं नव्हतं. तिथेच दगडावर बसले. रडू आलं असं म्हणणार नाही, आलं नाही. पण भामाबाईंनी हात धुवायला बाटली पुढे केली तेव्हा मी म्हणाले, "राहू द्या." का म्हणाले माहीत नाही. त्यांनी बाटली पुन्हा कमरेला खोचली आणि शेजारी बसून राहिल्या.

आता त्यांच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे. कागद त्यांच्या नातवाच्या वहीतला आहे. खाडाखोड झाली आहे, वर एक ओळ दोनदा लिहिली गेली ती खोडली आहे. हे उतरवून काढणार नाही.

बेचाळीस वर्षं तू मला 'तुमी' म्हणालीस आणि मी तुला 'तू'. ते कुणी ठरवलं ते आठवत नाही. परत यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, लैला. दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, ती भामाबाईंकडे दिली आहे.

पट्टी सोबत आहे. काळपट आली आहे. उन्हात वाळवली तरी वास जात नाही, पाकिटाला लागेल. तशीच घातली आहे. टाचून खाली तारीख तुम्ही घालायची.

रतन